तीन मापं, तीन सह्या

मंगळावर धुळीचं वादळ उठलं की तळावरच्या सौरपट्ट्या आंधळ्या होत आणि अठरा माणसांची ऊब एका मिथेन इंजिनवर येऊन पडे. वादळ तीन दिवसांवर आलं होतं. इंजिन खोलून ठेवलेलं होतं, आणि यंत्रप्रमुख वैजयंती खानापूरकरचं बेअरिंगमधली फट मोजणं काही संपत नव्हतं.

मोजायची रीत जुनीच. तेल पुसायचं, मेणासारखा मऊ दोरा आत ठेवायचा, टोपी आवळायची, पुन्हा उघडायची. दोरा जितका चपटा, तितकी फट कमी. नियम असा, की तिघांनी वेगवेगळं मोजावं. मापं जुळली तर तिघांनी सह्या कराव्यात, नाहीतर पुन्हा मोजावं.

पन्नास मायक्रॉन. सत्तेचाळीस. चव्वेचाळीस. पुन्हा मोजलं. पुन्हा जुळलं नाही.

"किती वेळा आवळलंत?" धातुतज्ज्ञ इरफान मुजावरने विचारलं.

"पंधरा. नियमाप्रमाणे."

"बाई, हा स्वपूरक धातू आहे. तेलाशिवाय दाब आला की त्याला वाटतं, आपण झिजलो. मग तो तीन मायक्रॉन वाढून झीज भरून काढतो."

"म्हणजे इंजिन फिरायला लागते ती फट आम्हीच मोजून मोजून बुजवली."

"निष्ठेने."

"तासून काढू?"

"तासणं म्हणजे झीजच की. परत भरून येईल. नवा संच पुढच्या यानाने, आठ महिन्यांनी."

वैजयंतीने कपाटातली जुनी वही काढली. आधी सहा वर्षं हे काम श्रीपती जमदाडे करत. त्यांच्या वहीत तिन्ही मापं कायम तंतोतंत जुळत, म्हणूनच तिला संशय आला होता. चौकशीत निघालं, की गडी मोजायचा एकदाच आणि सह्या ठोकायचा तीन, तीन रंगांच्या शाईत. तिने त्यांना पृथ्वीवर परत धाडलं. त्या अहवालाचं फार कौतुक झालं होतं.

संध्याकाळी तळ सोडून मंगळावरच्याच दुसऱ्या तळावर आसरा घ्यायचा हुकूम निघाला. तिने इचलकरंजीला निरोप पाठवला : "जमदाडे, तुमचंच बरोबर होतं. माहीत होतं, तर चौकशीत बोलला का नाहीत?"

उत्तर यायला चाळीस मिनिटं लागली.

"मॅडम, धातूबितूचं मला काय ठाऊक? गुडघे दुखायचे. तीनदा वाकवत नव्हतं. चौकशीत तेच तर सांगितलं होतं."

तिने जुना अहवाल उघडला. कारणाच्या रकान्यात तिच्याच अक्षरात होतं : 'सांगितलेले कारण यंत्राशी संबंधित नाही.' खाली नियमाप्रमाणे तीन अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. अहवाल वाचला होता तिने एकटीनेच.