दुसरा ए

ती खरं तर शेजारच्या चावीवाल्याकडे आली होती. तो जेवायला गेलेला, बाहेर पाऊस भुरभुरत होता, म्हणून ती दोन मिनिटं पाट्यांच्या दुकानात शिरली. असं आडोशाला आलेलं माणूस सहसा घड्याळ बघत उभं राहतं. हिला पितळी अक्षरांचा डबा दिसला आणि तिने विचारलं, "हात लावू?"

पाटीवाला फडक्यात धरून काहीतरी घासत होता. त्याने नुसती मान हलवली, कारण तिच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते आणि त्याचं लक्ष तिथेच अडकलं होतं.

तिची अडचण साधी नव्हती. कोपऱ्यावरच्या दगडी इमारतीत तिने रफूचं दुकान घेतलं होतं. दर्शनी भिंतीत जुन्या पाटीची भोकं होती, मोजून पाच इंग्रजी अक्षरांची, आणि मालक दगडाला नवीन भोक पाडू देईना. महिनाअखेरपर्यंत नाव लागलं नाही तर ती बाजू तो जाहिरातीला देणार होता. जाहिरातीचा फलक लागला की खिडकी झाकली जाणार, आणि रफू तर सगळं दिवसाच्या उजेडावर चालतं. अंधारात कुणी धाग्याला धागा जुळवावा!

डब्यातली अक्षरं नेमकी त्याच मापाची निघाली. साचा कधीच मोडला होता, उरली होती ती एवढीच. ती सरळ जमिनीवर बसली आणि ए, जी, मग थोडी जागा सोडून आय, एन अशी मांडामांड केली.

"अगेन," ती म्हणाली. "फाटलं तरी पुन्हा घाला. एक ए द्या की अजून, म्हणजे झालं माझं काम."

"एकच उरलाय हो," पाटीवाला म्हणाला.

दुसरा ए त्याच्या हातातल्या फडक्यात होता! आता तो असं का बोलला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. 'झालं माझं काम' एवढेच शब्द त्याच्या कानात राहिले होते. त्याने फडकं तसंच खणात सारलं आणि वर चहा मागवला.

मग ती रोज दुपारी येऊ लागली. ती चार अक्षरं काही तिला सोडवेनात, म्हणून पाचवं बदलून, क्रम उलटसुलट करून बघायचं ठरलं. आर घातला तर ग्रेन झालं, म्हणजे किराणा दुकान. टी घातला तर जायंट, आणि दुकान तर दोन माणसं उभी राहिली की भरणारं. एस लावून गेन्स केलं, तर पाटीवाला दंड फुगवून व्यायामशाळेच्या मास्तरासारखा उभा राहिला. एल लावून अलाइन केलं, तेव्हा ती म्हणाली की लोक दात सरळ करायला येतील. हसता हसता तिची वेणी खांद्यावरून पुढे यायची... आणि पाटीवाल्याची दुपारची कामं संध्याकाळवर जायची.

एकदा बोलता बोलता तिने त्याची बाही ओढली आणि कोपरावरचं भोक शर्ट अंगात असतानाच रफू केलं. "हलू नका, सुई टोचेल," एवढंच म्हणाली. तो हलला नाही. सुई टोचली तरी नाही.

त्याचे बाबा कोपऱ्यात बसून चष्म्यावरून सगळं बघत होते. त्यांना डब्यातलं अक्षर न् अक्षर पाठ. एके दिवशी ती गेल्यावर ते म्हणाले, "लेका, तुझा खेळ होतोय आणि तिचा उजेड जातोय."

ते त्याच्या काळजाला लागलं. पण उद्या देऊ, उद्या देऊ करत महिनाअखेरीचा आदला दिवस उजाडला. त्या दुपारी ती बसलीच नाही. ग्रेनच लावा म्हणाली, कुणी गहू मागितले तर सांगेन की इथे रफू होतं. हसायला गेली आणि डोळे भरून आले.

त्याने खण उघडला आणि ए तिच्यासमोर ठेवला. रोज घासून घासून आरशासारखा चकचकीत झालेला.

"कधी सापडला?"

"हरवलाच नव्हता. काम झालं की तुम्ही परत कशाला याल, असं वाटलं... मला तुम्ही यायला हव्या होतात."

तिने ते अक्षर उचलून डब्यात बाकीच्या चारांजवळ ठेवलं.

"त्या खिडकीच्या काळजीने माझ्या आईला तीन आठवडे झोप नाही," ती म्हणाली. "उद्या अक्षरं लावायला या. फक्त अक्षरं."

दुसऱ्या दिवशी तो शिडीवर चढला, तेव्हा खाली शिडी धरायला तिची आई होती. ती स्वतः आत पाठमोरी शिवत बसलेली. पाचही अक्षरं त्याने दोन-दोनदा आवळून बसवली आणि मान खाली घालून घरी आला. चूक आपली, मग बोलायचं कुणाला? आठ दिवस तो दुपारी चार वाजले की दाराकडे बघायचा आणि बाबा त्याच्याकडे.

नवव्या दिवशी फोन आला. शेवटचा एन लोंबकळतोय, असलं कच्चं काम चालणार नाही, येऊन बघा.

कच्चं? त्याचं काम? तो तणतणत गेला आणि शिडीवर चढला. एनचे दोन्ही स्क्रू अर्धे बाहेर आले होते, आणि त्यांच्या खाचांत बारीक ताजे ओरखडे होते. त्याने खाली पाहिलं. आज शिडी तिने धरली होती. तिच्या दुसऱ्या हातात छोटी कात्री होती, टोक मोडलेली.

"स्क्रू आपोआप निघत नाहीत," तो वरूनच म्हणाला.

"मग अक्षरं तरी कुठे आपोआप हरवतात?"

तिचे कान लाल झाले होते, पण नजर काही हलली नाही. त्याला वाटलं, आता शिडीवरून पडलो तरी लागायचं नाही.

"घट्ट बसवू?" त्याने विचारलं.

"बसव..." ती म्हणाली. "पण फार घट्ट नको. माझ्याकडे आता एकच कात्री उरलीय."