सतरावी पायरी

"कोट सोड, ममा! उसवेल तो."

"उसवू दे. मीच शिवलाय, मीच उसवीन. पण तू त्या जिन्यावर जायचं नाहीस."

"दहा वाजता अख्ख्या लॉस एंजेलिसमधल्या बायका मला घरबसल्या बघणार, आणि तुला भुतं सुचतायत!"

नेटीने लेकीच्या, लोर्नाच्या, कोटाची बाही सोडली नाही. ऑरेलिया थिएटरात नाचणाऱ्या पोरींना ती पंधरा वर्षं कपडे चढवत आली होती. तेव्हा इथे रात्र-रात्र शँपेन वाहायची आणि पिसांचे मुकुट ल्यालेल्या साठ पोरी आरशाच्या जिन्यावरून उतरायच्या. युद्धानंतर गर्दी आटली. आता टेलिव्हिजनवाल्यांनी जागा भाड्याने घेऊन सकाळचा गृहिणींचा कार्यक्रम मांडला होता आणि तो लोर्ना सादर करणार होती. टेबलं तीच, त्यांवर कॉफी. बाहेर लख्ख ऊन होतं, पण या इमारतीला खिडकी म्हणून नव्हती. आत सकाळीही तोच अंधार, जुन्या सिगारचा आणि पावडरीचा तोच कुबट वास. दिव्यांखाली धूळ करपल्याचा वास तेवढा नवा.

तिने लोर्नाला मनगटाला धरून कॅमेऱ्यापाशी नेलं. "ऑर्विल, दाखव हिला."

कॅमेरावाला ऑर्विल या बाईला वैतागला होता. "किती वेळा सांगू, नेटीबाई? कॅमेऱ्यातली नळी एकाच झगझगीत वस्तूकडे फार वेळ बघत राहिली की तिच्यावर डाग बसतो. कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून ठेवला की तो डाग जातो."

"मग, गेला का?"

ऑर्विल मान खाजवू लागला.

कॅमेऱ्याजवळच्या, चित्र दाखवणाऱ्या छोट्या काचेवर जिना दिसत होता. अठरा पायऱ्या. आणि त्यांवर, आरशावर कुणी श्वास सोडावा तशी फिकट, पाठमोरी एक बाई. डोक्यावर पिसांचा मुकुट, त्यातलं एक पीस मोडून लोंबणारं. झग्याचा लांब घोळ मागे तीन पायऱ्यांवर पसरलेला. नेटीने मान वळवून खऱ्या जिन्याकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"तालमी सुरू झाल्या तेव्हा ही पहिल्या पायरीवर होती," ती कुजबुजली. "रोज एक चढते. मी मोजतेय. आज सतरावी... आणि तू अठराव्या पायरीवर उभी राहणार!"

"डाग कधी जिने चढतात का, ममा?" लोर्ना हसली, पण काचेकडे तिने पाहिलं नाही. "ऑर्विल, किती वेळ उरलाय?"

"सहा मिनिटं."

"मग मी निघाले."

मनगट सोडवून ती गेलीसुद्धा. तिच्या टाचांचा आवाज वर वर चढत गेला. नेटी मागोमाग धावली आणि जिन्याच्या तळाशीच खिळली. बारा वर्षांत तिने या जिन्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. आजही पाय उचलेना. मखमली पडद्यापलीकडे पाहुण्या बायकांच्या कपबश्या किणकिणत होत्या. वर दिव्यांच्या झोतात लोर्ना एकटी उभी होती, हनुवटी उंच, नजर समोर.

मागून, काचेकडे बघणाऱ्या ऑर्विलचा आवाज आला. बसलेला, घोगरा.

"नेटीबाई... ही... ही वळतेय."

"लोर्ना, खाली ये!" नेटीने तळातूनच हाक दिली. "ऐक माझं. ती कॉरिन आहे, इथं नाचणारी. बारा वर्षांपूर्वी घोळात टाच अडकून या जिन्यावरून पडली आणि मान मोडून गेली, ती. उतरताना घोळ पायात येऊ नये म्हणून तो कमरेला अडकवायचा एक हूक असायचा... तो लावायचं काम माझं. त्या रात्री मी तो लावला नाही. विसरले नव्हते गं, मुद्दाम लावला नाही. सगळ्याजणींसमोर तिनं मला मोलकरीण म्हटलं होतं. म्हटलं, अडखळू दे, होऊ दे हसं... आजवर कुणाला बोलले नाही. तू ये खाली, पाया पडते तुझ्या!"

कपबश्यांची किणकिण कधी थांबली, कळलं नाही.

मग लोर्ना बोलली. मान न हलवता, कुणाची झोप मोडू नये इतक्या हळू.

"ठाऊक आहे मला, ममा... सोमवारीच सांगितलं तिनं. म्हणाली, तुझी आई स्वतःच्या तोंडाने कबूल करेपर्यंत मी थांबते."