हललेला फोटो

लाईट गेली म्हणून मोबाईलचे दिवे लावून एकमेकांचे फोटो काढताय, काढा. पण भूषण, तुझी आजी देवघरात दिवा लावून बसलीय ना, तिला "हलू नको" म्हणून मघाशी फोटो काढलास, आता झाला म्हणून तिला सांगून ये. विसरू नकोस. हसतोस काय? ज्योती, मेणबत्ती इकडे सरकव. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या ओळखीच्या माणसाची आहे.

शिरपूरचा प्रेमराज. आमच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा आणि मी कार्यालयात बसून शिक्षकांच्या रजा नामंजूर करायचो. तरी आमची दोस्ती टिकली, यावरून तो किती भला माणूस, ते समजा.

तीन वर्षांपूर्वी, पौष अमावस्येच्या दुपारी त्याचा फोन आला. "नाना, उद्या मायचा दहावा. आजच या. आणि येताना देवपुरात हनीफभाईंकडून फोटोचा कागद आणा."

हनीफभाईंचा स्टुडिओ मोबाईलनं कधीच बंद पाडला होता. पण कागदाची जुनी पाकिटं त्यांनी फ्रिजमध्ये जपली होती, भेंडीच्या शेजारी. एक पाकीट घेऊन मी एसटीत बसलो. दुखवट्याच्या घरी लोक केळी नेतात, मी फोटोचा कागद नेला.

प्रेमराजला डब्याचे कॅमेरे करायचा नाद होता. दूध पावडरचा डबा, आतून काळा रंग. बाजूला भोक पाडून त्यावर थंड पेयाच्या कॅनचा पत्रा चिकटवायचा, पत्र्याला सुईनं बारीक छिद्र आणि छिद्रावर काळी चिकटपट्टी. भिंग नाही, बटण नाही. अंधारात आत कागद लावायचा, पट्टी काढायची आणि वाट बघायची. उन्हात मिनिटभर, सावलीत बराच वेळ. या कॅमेऱ्याचा स्वभाव अगदी आमच्या कार्यालयासारखा. घाईत आलेल्याची तो दखलच घेत नाही. रस्त्यावरून शंभर माणसं गेली तरी फोटोत रस्ता मोकळा. जो एका जागी थांबेल, तोच कागदावर येतो.

आणि नेमकी त्याची माय, तानुबाई, एका जागी थांबणारी नव्हती. बसली की उठायची, उठली की काहीतरी आणायला जायची. लग्नाच्या फोटोत तिच्या जागी नुसता पदर. ओळखपत्रावर तिला दोन नाकं होती. प्रेमराज तिला ओट्यावर पाटावर बसवायचा, "माय, हालू नको," म्हणायचा आणि पट्टी काढायचा. ती लगेच उठायची. "चुल्हावर दूध शे रे, उतू जाई!" फोटो धुतला की पाट स्वच्छ दिसायचा, शेजारी धुराचा एक फराटा. तो फराटा म्हणजे तानुबाई.

एकदा माझ्यादेखत तो चिडला. "माय, तू मरशी तवयच एक जागावर बसशी!"

ती खळखळून हसली. "मंग तवय काढजो."

"बापरे," ज्योती म्हणाली.

हो. तेव्हा आम्हीही हसलो होतो.

मी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. माजघरात, तिनं प्राण सोडला त्या जागी दिवा तेवत होता. मागे तिचा पाट. भेटायला येणारा प्रत्येक जण हार घेऊन यायचा आणि विचारायचा, फोटो कुठंय? हार पाटावर ठेवावे लागत होते. प्रेमराज मान खाली घालून म्हणाला, "नाना, शेकडो पोरांचे फोटो काढले मी. मायचा एक नाही. निदान तिच्या दिव्याचा आणि पाटाचा तरी घेतो. तेच भिंतीवर लावीन."

दिव्याच्या उजेडात डबा रात्रभर उघडा ठेवावा लागणार होता. त्यानं पाटावरचे हार काढले, समोर डबा ठेवला आणि सवयीनं बोलून गेला, "माय, हालू नको."

पट्टी काढली. बायकामुलं आतल्या खोलीत गेली. तो दिव्यात तेल घालायला तिथंच चटईवर आडवा झाला. मी ओसरीवर झोपलो. गाढ झोपलो. शासकीय सेवेत ती सवय लागते. त्यामुळे रात्रीचं हे त्यानं सांगितलेलं.

ती गेल्यापासून घरात रोज रात्री खुडबुड चालायची. कधी भांडं सरकायचं, कधी मोरीत पाणी. घरचे म्हणायचे, मांजर असेल. त्यालाही सवय झाली होती. त्या रात्री त्याला जाग आली ती आवाजानं नाही.

आवाज थांबला म्हणून.

भांडं नाही. पाणी नाही. घर नुसतं... थांबलेलं.

तो या कुशीवरून त्या कुशीवर झाला. पाटाकडे बघावंसं वाटेना. बघितलं. पाट रिकामा होता.

दिव्यातलं तेल कमी झालं होतं. घालायला हवं होतं. त्यासाठी पाटासमोरून जावं लागणार होतं. कुणी फोटोला बसलं असेल तर आपण मधून जातो का?

तो गेला नाही.

वात फडफडली... उभी राहिली. पुन्हा फडफडली. तो डोळे मिटून पडून राहिला. उजाडायच्या आत हात लांब करून त्यानं छिद्रावर पट्टी लावली. काही बोलला नाही.

पहाटे त्यानं मला न्हाणीघरात बोलावलं. लाल दिवा, तीन पसरट भांडी, रसायनात कागद. असा फोटो आधी उलटा येतो, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. दिव्याच्या जागी काळा गोळा उमटला. मग पाट.

पाटावर तानुबाई.

ताठ बसलेली, हात गुडघ्यांवर. पांढरे केस काळेभोर उमटलेले. बांगडी न् बांगडी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. कडेला चटईवर प्रेमराज होता, पण नुसता धूर. जन्मात पहिल्यांदा ती बसली होती आणि हलला होता तो.

मी भिंतीला टेकलो. तो मात्र रडत हसत होता. "नाना, मिळाली! माय मिळाली!" कागद त्यानं दोरीला चिमट्यानं अडकवला आणि आम्ही नदीवर गेलो.

पिंड ठेवला. झाडावर कावळे होते. बघत होते. एकही खाली येईना. कुणी म्हणालं, "नातीचं लग्न करू, माय." कुणी म्हणालं, "घर सांभाळू." ऊन चढलं. कावळे हलेनात. मी प्रेमराजकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"नाना... मी तिला 'झालं' म्हणालोच नाही."

"म्हणजे?"

"ती अजून बसलीय."

त्याच्या मोटरसायकलवर आम्ही घरी आलो. घरी चिटपाखरू नव्हतं, सगळे नदीवर. पाट तिथंच होता. तो समोर उभा राहिला. एकदा न्हाणीघराकडे पाहिलं. तिला ऊठ म्हटल्यावर फोटोचं काय होईल, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

शेवटी म्हणाला, "माय. व्हई गया फोटो. ऊठ आते."

काही नाही.

काही नाही...

मग आत, स्वयंपाकघरात, भांड्यावरचं झाकण वाजलं.

नदीवरून फोन आला, कावळा शिवला.

"आणि फोटो?" भूषणनं विचारलं. त्याचा मोबाईल केव्हाच खाली गेला होता.

दोरीवर तोच कागद होता. चिमटाही तोच. दिवा स्पष्ट, पाट स्पष्ट आणि रिकामा. पाटापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत धुराचा एक फराटा. प्रेमराजनं तसाच तो फ्रेम केला आणि हार घातला. कुणी विचारलं तर सांगतो, "माय शे. दूध पाहायला गेलीय."

मी त्याला समजावलं, घाईत कागद नीट धुतला गेला नसेल, पुसटला. निवृत्त माणसाला शहाणपणाचं काहीतरी बोलावं लागतं. तो नुसता मला फ्रेमजवळ घेऊन गेला.

फराटा पाटावरून सरळ दाराकडे जात नाही. आधी चटईकडे वळतो. तिथं प्रेमराजचा धूर आहे, आणि त्या धुरात, जिथं त्याचं कपाळ असेल तिथं, एक हात. मनगटापर्यंत. बांगड्यांसकट. सगळ्या फराट्यात तेवढाच स्पष्ट.

जो थांबतो तोच त्या कागदावर येतो, हे मी मघाशी सांगितलंच.

ज्योती, जा. आजीला उठायला सांग.