मागच्या सीटवरचा उन्हाळा

पटणार नाही कुणाला. मलाही पटलं नसतं. पण त्या वेळी पुट्टी माझ्या कडेवर होती, आणि जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं.

रात्र नव्हती. गेल्या एप्रिलमधली भर दुपार, अडीचची. कोल्हापूर, मंगळवार पेठ.

पुट्टी माझी लेक. तेव्हा अकरा महिन्यांची. माझ्या माहेरी, नेसरीकडे, लहान मुलीला पुट्टी म्हणतात; तेच नाव पडलं. तिला आजीकडे न्यायला सोपं पडावं म्हणून माझ्या नवऱ्याने, गुरुपादने, चौदा वर्षं जुनी गाडी घेतली. कोडोलीच्या एका गृहस्थांकडून.

गाडीला एसी होता. पुढे एकदम गारेगार.

मागे, डाव्या बाजूला मात्र...

तिथे पुट्टीला घेऊन बसलं की पाच मिनिटांत तिचं जावळ ओलंचिंब. उजवीकडे सरकलं की ठीक.

"एसीचा गॅस कमी झाला असंल," गुरुपाद म्हणाला. म्हणून मुनव्वरचाचांच्या गॅरेजला गेलो.

चाचांनी गाडी लिंबाच्या सावलीत घेतली. बॉनेट उघडून लाल-निळ्या नळ्यांचं गॅस मोजायचं मीटर जोडलं. इंजिन चालू, काचा बंद, एसी फुल्ल. पुढे एसीच्या जाळीत थर्मामीटर खोचला.

"सात डिग्री! गॅस टकाटक हाय की, पावणं."

"मग चाचा, मागं भाकरी भाजून निघतीया ती कशी?" गुरुपादने विचारलं.

चाचा खो खो हसले. थर्मामीटर मागच्या सीटवर ठेवला. उजवीकडे वीस.

डावीकडे... तीस. अडतीस. एकावन्न.

हसणं थांबलं.

त्यांनी दाराचं रबर नखाने उचकटलं. गाडी बाहेरून राखाडी. रबराखाली...

पांढरा रंग.

चाचा तिथेच मातीत बसले.

"ताई, लेकराला आत ठिवू नका. ही गाडी मी वळखतो. सहा वर्सामागं आलती माझ्याकडं. पांढरी हुती. गॅस कमी हुता. मालकाला लग्नाला जायची घाई. मीच म्हनलं, आज चालंल, उद्या भरू. त्यांनी हॉलबाहेर पोराला मागं डाव्या अंगाला निजवलं, एसी लावून. दोन वर्साचं पोरगं, ताई. गॅस कमी, म्हून कॉम्प्रेसर बंद पडला. आत नुसता गरम वारा... काचा बंद... मालक आलं तवर पोरगं गेलं हुतं."



गुरुपादने इंजिन बंद केलं. किल्ली त्याच्या मुठीत. सगळं शांत.

टक्...

"कॉम्प्रेसर हाय न्हवं?" त्याने विचारलं.

"इंजिन बंद असताना न्हाय वाजत."

टक्... टक्...

मागच्या डाव्या काचेवर. आतून.

गाडीत कुणी नव्हतं.

आणि माझ्या कडेवरची पुट्टी हसली. इवल्या तळव्याने तिने माझ्या पाठीवर थोपटलं. दोनदा. त्याच लयीत.

रिक्षाने घरी आलो. गाडी पुन्हा आणलीच नाही. आठवड्यात भंगारात दिली. गुरुपाद समोर उभा राहून तुकडे होताना बघून आला. "सुटलो बघ," म्हणाला.

त्याच दुपारी पुट्टीला भिंतीकडे निजवलं. पंखा पाचवर. सहज तिच्या उशीच्या डाव्या बाजूला हात गेला...

तवा.

गाडी होती तोवर त्या पोराला बसायला जागा होती. ती आम्ही कापली.

आता ऑगस्ट आहे. सारं घर गारठलंय. पुट्टीचं जावळ अजून ओलं असतं. डॉक्टर म्हणतात, ताप नाही. वजन मात्र दर महिन्याला कमी भरतं. सासूबाईंनी दृष्ट काढली, अंगारा लावला. चाचा दोनदा येऊन उंबऱ्याबाहेर बसून गेले. "माफ कर बाळा," एवढंच पुटपुटत होते. कुठल्या बाळाला, ते मी विचारलं नाही.

मला त्याचा राग येत नाही हो. लेकरूच ते. त्याला फक्त गार हवंय. म्हणून मी त्याच्याही बाजूला दुपटं अंथरते, आणि पुठ्ठ्याने दोघांना वारा घालते. तो निवला तर माझ्या लेकीला सोडेल.

चार महिने झाले. निवत नाही.

हे लिहिण्यापुरता हात मधूनमधून थांबवते. थांबला, की भिंतीवर...

टक्... टक्...

पुट्टी झोपेतच तळव्याने उत्तर देते. रोज दोन थापा.

आज एकच थाप. तीही फार हळू.