पुंजाकाकांना द्यायचा पहिला निरोप

त्या दुपारी मी नाशिक रोडला गेले ती पुंजाकाकांचा वायरलेस सेट चालू करून बघायला. सन नव्व्याण्णव, मे महिना. पर्समध्ये हौशी रेडिओचा परवाना आणि त्यावर माझा कोराकरकरीत कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं माझं सरकारी नाव.

काका रेल्वेतले निवृत्त तारबाबू. कडकट्ट, म्हणजे मोर्सचे डॉट-डॅश, मला त्यांनीच शिकवलं. "पोरी, घाई नाय करायची. आधी ऐकायचं," एवढाच त्यांचा धडा. एका बोटाचं पेर तुटलेलं, त्यामुळे त्यांचा शेवटचा डॅश नेहमी लांबायचा. परवाना मिळाला की पहिला निरोप त्यांनाच द्यायचा, असं मी कबूल केलं होतं. आणि केलं काय? मावसबहिणीच्या हळदीत नाचले, परीक्षा बुडवली. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. तेवढ्यात काका गेले. हे मला अजून बोचतं.

कुसाकाकूंनी खोली उघडून दिली आणि त्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या. चार महिने बंद असलेल्या त्या खोलीत तारा जोडायच्या सोल्डरचा ताजा वास होता. म्हटलं, भास असेल.

माझ्याबरोबर परीक्षा दिलेला हर्षल इंदिरानगरातून ऐकत बसणार होता. मी सेट लावला, हेडफोन चढवला. संदेश ठोकायच्या कीला बोट लावायच्या आतच कानात माझा कॉलसाइन वाजला. सावकाश... आणि शेवटचा डॅश लांबलेला.

अहो, तो कॉलसाइन मला काका गेल्यानंतर मिळाला होता.

मी पाठवलं: काका, मीच. उशीर झाला, चुकलं माझं. हेडफोन कानाशी दाबला. मग पुन्हा माझाच कॉलसाइन. मी पुन्हा उत्तर दिलं. पुन्हा तेच. अर्धा तास ते मला बोलावत राहिले आणि मी रडत रडत की बडवत राहिले. मग आवाज विरत गेला.

संध्याकाळी हर्षलला फोन लावला. काहीच न सांगता विचारलं, "काय ऐकलंस?"

"कुणीतरी जुना माणूस तुला बोलावत होता गं. अर्धा तास. अगदी स्वच्छ..." मग म्हणाला, "पण तुझं एक अक्षरसुद्धा आलं नाही. तू होतीस ना तिथं?"

मी रिसीव्हर धरलेल्या हाताकडे पाहिलं. की बडवून बोटाला आलेला फोड ठसठसत होता.