दोन नंबरच्या डिस्कवरचं नाव

ज्यांना हसायचंय त्यांनी आधीच हसून घ्या.

माझा मामाही हसायचा. भुताखेतांच्या गोष्टींवर त्याच्याइतकं हसलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि हे घडलं ते त्याच्याच बाबतीत. मी यात मीठमसाला घातलेला नाही. शेवटचा भाग तर मी स्वतः, या डोळ्यांनी पाहिलाय.

साल १९८९. मे महिन्यातला तिसरा रविवार. नागपूर, सिव्हिल लाइन्स. आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

मार्तंडमामा एका ठेकेदार कंपनीत कॉम्प्युटरचा मुख्य इंजिनिअर होता. कंपनीचं नाव सांगत नाही. ही कंपनी रामटेकच्या पुढे डोंगरात पाण्यासाठी बोगदा खणत होती. कोणता मजूर कितीला आत गेला, कितीला बाहेर आला, याची यादी रोज जीपनं नागपूरला यायची आणि कॉम्प्युटरमध्ये भरली जायची.

मामाच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं होती. मूर्ख आणि महामूर्ख.

साहेब लोक मूर्ख. बाकी सगळे महामूर्ख.

नागपुरात जन्मून, वाढून, त्याला नागपुरी बोलीची लाज वाटायची. हाताखालचा ऑपरेटर देवाजी मौद्याकडचा. तो "मले", "तुले" म्हणाला की मामा त्याच्याच आवाजात त्याची नक्कल करायचा, चार लोकांसमोर.

देवाजी खाली मान घालून हसायचा. पर्याय काय होता त्याला?

आता जे घडलं ते कळायला एवढंच समजून घ्या.

कॉम्प्युटरच्या बाहेर दोन मोठ्या डिस्क उभ्या होत्या. कपडे धुवायच्या मशीनएवढी एकेक. दोघींच्या मध्ये एक करडी पेटी. कॉम्प्युटर जे लिहायचा ते ही पेटी दोन्ही डिस्कवर एकाच वेळी उतरवायची. एक बिघडली तर दुसरी शाबूत राहावी म्हणून. वाचताना मात्र पेटी कायम एक नंबरचीच डिस्क वाचायची.

दोन नंबरवर काय आहे, ते कधी कोणी पाहिलंच नव्हतं.

आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात बोगद्याचं छत कोसळलं. सात मजूर गेले. सात प्रेतं निघाली. आणि तो भाग कंपनीनं काँक्रीट ओतून बंद केला.

त्यानंतर आठ दिवसांनी जिजाबाई आली.

तिचा नवरा रामाजी त्याच पाळीत आत गेला होता, असं तिचं म्हणणं. ती रामटेककडून एसटीनं यायची आणि ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून राहायची. दर सोमवारी.

मामानं मशीनमधून त्या पाळीची यादी काढली. सात नावं. रामाजीचं नाव नव्हतं. मामानं यादीखाली सही ठोकली.

"मशीन खोटं बोलत नाही, बाई. तुझा नवरा आत गेलाच नाही. कुठं पळाला असेल तर गावात शोध."

"थे पळनारे नाईत जी," ती म्हणाली. "मले काई देऊ नका. फकस्त सांगा, मी कुकू पुसू का ठेवू?"

मामा हसला. खरंच हसला. "ते मशीनला विचारू नकोस!"

गावात मग तेच पसरलं. रामाजी बाई घेऊन पळाला. कंपनीच्या कॉम्प्युटरनंच सांगितलंय म्हणे.

देवाजी एकदाच बोलला होता. "साहेब, थे नाव म्या माह्या बोटानं टाकलं होतं. आठ नावं होती."

"मग आठवं कुठं गेलं? उंदरानं खाल्लं? तुझ्या बोटांना अक्कल असती तर तू ऑपरेटर राहिला असतास का?"

विषय संपला.

करड्या पेटीवरचा लाल दिवा तेव्हापासूनच मधूनमधून लुकलुकायचा. मामानं त्यावर चिकटपट्टी लावून टाकली. पण मे महिन्यात पेटी वारंवार अडकायला लागली. सुटे भाग मिळेनात. तेव्हा मामानं ठरवलं, पेटी काढूनच टाकायची. दोन्ही डिस्क सरळ कॉम्प्युटरला जोडायच्या आणि दोन्हीकडे लिहायचं काम आता आतल्या प्रोग्रॅमनंच करायचं.

त्यासाठी रविवार धरला. ऑफिसात फक्त मामा आणि देवाजी. बाहेर शेहेचाळीस डिग्री. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

अकरा वाजता मामानं सगळं बंद केलं. डिस्कच्या वायरी उपटल्या. एसीही बंद ठेवला. खोलीत एकदम शांत झालं.

आणि मग...

टक्.

टक्. टक्.

आवाज दोन नंबरच्या डिस्कमधून येत होता. तिला वीज नव्हती. आतलं चाक थांबलेलं होतं.

टक्. टक्. टक्.

"साहेब..." देवाजी कुजबुजला. "कोनी दगडावर दगड मारून रायलं."

"लोखंड थंड होतंय, मूर्खा. शाळेत गेला होतास का कधी?"

आवाज थांबला. मामानं पेटी काढली, डिस्क जोडल्या, वीज सुरू केली. दोन नंबरचा पंखा फिरला आणि त्यातून वास आला. ओल्या दगडाचा. सुरुंगाच्या दारूचा.

मामानं नाकाला रुमाल लावला.

जोडी लावण्याआधी दोन्ही डिस्क ताडून पाहाव्या लागतात. मामानं तो प्रोग्रॅम लावला. बाराच्या सुमाराला पडद्यावर उत्तर आलं.

फरक : एक.

मामानं तो फरक उघडला. एक नंबरवर त्या जागी कोरी ओळ होती.

दोन नंबरवर रामाजीचं नाव होतं.

टोकन नंबर. नोव्हेंबरची तीच तारीख. आत : दोन वाजून दहा मिनिटं. बाहेर : ...कोरं.

मामा काय समजायचं ते समजला. त्या दिवशी पेटी एका डिस्कवर लिहायला चुकली होती. तोच लाल दिवा, ज्यावर त्यानं चिकटपट्टी लावली होती. देवाजीची बोटं खरी होती. जिजाबाई खरी होती.

एक माणूस त्या काँक्रीटच्या मागे होता... आणि मामाच्या सहीमुळे त्याला कोणी शोधलंच नव्हतं.

"साहेब, छापा ना," देवाजी म्हणाला. "एकच कागद. थ्या बाईले नेऊन देतो."

मामानं त्याच्याकडे पाहिलं. चपलेला लागलेल्या शेणाकडे पाहावं तसं.

"जोडी लावताना एक डिस्क खरी धरावी लागते, दुसरीवर तिची नक्कल उतरते. खरी कोणती ते मी ठरवणार. तू नाही."

आणि त्यानं एक नंबर खरी धरली. कोऱ्या ओळीची.

नक्कल उतरायला पाऊण तास लागला. मामानं पुन्हा ताडून पाहिलं.

फरक : एक.

नाव तिथंच होतं.

"तू हात लावलास?"

"मी तं दारापाशीच उभा हावो साहेब."

मामाला घाम फुटला. एसी आता सुरू होता, तरी. त्यानं दोन नंबरची डिस्क पूर्ण पुसली. अक्षर न अक्षर. आणि पुन्हा सगळं उतरवलं. पुन्हा ताडलं.

फरक : शून्य.

मामा हसला. "झालं? गेला तुझा रामाजी!"

मग खात्री करायला त्यानं ती ओळ उघडली.

दोन नंबरवर नाव होतं.

एक नंबरवरही होतं...

फरक नव्हताच. आता दोन्हीकडे तेच लिहिलेलं होतं. फक्त "बाहेर" या रकान्यातली जागा कोरी राहिली नव्हती. तिथं आजची तारीख होती.

वेळ : दोन वाजून दहा मिनिटं.

मामानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मामा उठला आणि दार उघडून थेट बाहेर आला. मागून देवाजी. त्या खोलीत धूळ चालत नाही, म्हणून चपला-बूट दाराबाहेर काढायचे, ही शिस्त मामानंच लावलेली.

दाराबाहेर मामाचे बूट होते. देवाजीच्या चपला होत्या.

आणि शेजारी एक गमबुटांची जोडी.

राखाडी चिखलानं भरलेली. ओली. नीट जोडून ठेवलेली. टोकं दाराकडे... आत जाताना माणूस काढून ठेवतो तशी. कॉरिडॉरची फरशी कोरडी ठाक. एकही पाऊल उमटलेलं नाही.

"साहेब," देवाजी म्हणाला, "थो आत गेला."

बंद दाराआड प्रिंटर सुरू झाला.

चर्र्... चर्र्... चर्र्...

मामा भिंतीला टेकून उभा राहिला. जगाला मूर्ख म्हणणारा माणूस बाहेरच थांबला. आत गेला तो देवाजी. तो महामूर्ख. त्यानं हात जोडले, दार ढकललं, आणि मिनिटाभरानं रामाजीच्या नावाची ओळ छापलेला एक कागद घेऊन बाहेर आला.

"आत कोण आहे?" मामानं विचारलं.

देवाजीनं फरशीकडे बोट केलं.

गमबूट नव्हते. तेवढीच फरशी ओली होती. बघता बघता तीही वाळली.

दुसऱ्या दिवशी देवाजी कागद घेऊन जिजाबाईच्या गावी गेला. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. शेजारणी म्हणाल्या, कालच पुसलं. भर दुपारी. विहिरीवर जाऊन आंघोळ केली आणि एकटीच रडली.

कंपनीनं त्या कागदाला कागद मानलं नाही. त्यावर इंजिनिअरची सही नव्हती. मामा सही करू शकत होता... केली नाही. देवाजीनं त्याच आठवड्यात नोकरी सोडली. डिस्क पुढेही चालत राहिल्या. फरक पुन्हा कधी आला नाही.

मामा मात्र जेवताना मध्येच थांबायला लागला. कोणी काही विचारलं तर "काय?" म्हणायचा. चिडायचा नाही. ते जास्त भीतीदायक होतं.

डिसेंबरात एका सकाळी तो मला म्हणाला, "स्कूटर काढ. रामटेकला जायचंय."

रामटेकच्याही पुढे गेलो आम्ही. जिजाबाई अंगणात धान पाखडत होती. आम्ही येतोय हे तिला कोणी कळवलेलं नव्हतं. आम्हालाच सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

तिनं वर पाहिलं. सूप थांबलं नाही.

"आले का साहेब? त्यायनं सांगतलंच होतं, तुमी यान म्हून. लय दिवस लावले."

"कोणी... कोणी सांगितलं?"

आता सूप थांबलं.

तिनं मामाकडे पाहिलं. बराच वेळ. रागानं नाही. एखाद्या महामूर्खानं अगदी साधी गोष्ट विचारावी, आणि त्याला सांगण्यातही अर्थ नसावा, तसं.

मग ती उठली, घरात गेली आणि पाण्याचे तांबे घेऊन आली. एक मला दिला. एक मामाला.

तिसरा तिनं उंबऱ्याच्या आत, अंधारात, कोणाच्या तरी हातात द्यावा तसा पुढे केला.

आणि तिचा हात रिकामा परत आला.

मी जमिनीवर पाहिलं. तांब्या खाली ठेवलेला नव्हता.