दुसरं पाऊल

जपानातल्या मारुगामेत आमचं ऑफिस कागदी पंखे बनवणाऱ्याच्या दुकानावर होतं, त्यामुळे आमच्या प्रत्येक खेळाला खळीचा वास येतो असं मियाताकेसान म्हणायचे. ते आमचे मालक आणि दिग्दर्शक. ओसाकाच्या मोठ्या कंपन्यांची उरलीसुरली कामं करून ते विटले होते, म्हणून एकदाचा त्यांनी स्वतःचा व्हिडिओ गेम काढला. जुन्या काळातली बेटं, त्यांवरची गावं आणि गावकऱ्यांची दुखणी ऐकत हिंडणारा एक तरुण वैद्य. खेळणाऱ्याने तो वैद्य व्हायचं.

मी प्रोग्रामर. चित्रं मानाबे काढायचा. आम्ही शाळेपासूनचे मित्र. त्याला प्रसंग न बघता हसायची खोड होती आणि मला प्रसंग असूनही न हसायची, त्यामुळे आमचं जमायचं. नवीन चेहरे शोधत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्याने गावकरी म्हणून आम्हालाच घेतलं. आमच्या धंद्यात ही जुनी पद्धत आहे. मियाताकेसान पुजारी झाले. ऑफिसचा सगळा कारभार बघणाऱ्या तादासान मीठ विकणारी बाई झाल्या. मी तिरसट नावाडी झालो. मानाबे स्वतः विहिरीपाशी थापा मारत उभा राहणारा कुंभार झाला.

त्या काळी खेळ ज्यात भरून विकायचे त्या कार्ट्रिजमध्ये जागा फार थोडी असायची. म्हणून माणूस समोरून चालत येताना त्याचं एकच पाऊल काढायचं आणि दुसऱ्या पावलाला तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं दाखवायचं. डावा पाय पुढे होता तो उजवा होतो, जागा वाचते, कुणाला कळत नाही. सगळेच असं करायचे. पण त्यांच्या खेळात चिलखतं होती. आमच्यात किमोनो होते.

हे पहिल्यांदा तादासाननी पाहिलं. चहा ठेवायला आल्या आणि पडद्यासमोर थबकल्या.

"मानाबेसान, माझा पदर बघा जरा. एका पावलाला नीट आहे, दुसऱ्याला उलटा."

गळ्यापाशी दोन पांढरे ठिपके, एवढाच तो पदर. पण एकदा दिसल्यावर दिसायचा थांबेना. किमोनोचा डावा पदर वर घेतात. उजवा वर घेतात तो फक्त मेलेल्या माणसाला नेसवताना. हे प्रत्येकाने लहानपणी आईची चापट खाऊन शिकलेलं असतं.

"म्हणजे मी एक पाऊल जिवंत, एक पाऊल मेलेली," तादासान म्हणाल्या. "हरकत नाही. सोमवारी सकाळी मी अशीच असते."

आम्ही सगळे हसलो, मीसुद्धा. मियाताकेसाननी विचारलं की, थांबल्यावर तरी पदर नीट दिसतो ना? मी सांगितलं, दिसतो. माणूस थांबला की मूळ चित्रच येतं, दुसरं काही येण्याची वाटच मी ठेवलेली नाही. मग झालं तर, असं म्हणून ते चहा घेऊन गेले.

पुढे एका सकाळी मी खेळ तपासत होतो. मीठवाली चालत आली, थांबली आणि तिचे ते दोन ठिपके दुसऱ्या बाजूला होते. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पुजारी नीट थांबला, नावाडी नीट थांबला. मीठवाली उलट्या पदराने उभी. तो भाग मी लिहिलेला, मला तोंडपाठ. तरी ओळ न् ओळ वाचली. चूक नव्हती. मानाबेला दाखवलं तर तो म्हणाला, "तू झोपत जा रे, बाबा."

तादासान त्या दिवशी आल्या नव्हत्या. दुपारी आम्ही उदोनच्या जाड शेवया खात असताना फोन आला. अंगणात चादरी वाळत घालता घालता त्या खाली बसल्या होत्या, आणि तशाच गेल्या. माझ्या हातातला वाडगा मी खाली ठेवला की कुणी काढून घेतला, मला आजही आठवत नाही.

अंत्यविधीला शवपेटीपाशी फुलं ठेवताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघणार होतो. नजर गळ्यापाशी गेली. पांढरा किमोनो, उजवा पदर वर. मला भीती वाटली, आणि तादासानची भीती वाटली याची लाज वाटली.

खेळाचं काम थांबवणं शक्य नव्हतं. थोड्याच दिवसांनी जेवणानंतर मी विहिरीच्या गावात शिरलो. कुंभार समोरून आला, थांबला. पदर उलटा.

मी घाईने पडदा बंद करायला गेलो, पण मानाबे मागेच उभा होता. या वेळी तो हसला नाही.

"साएकोला सांगू नकोस," एवढंच म्हणाला. साएको त्याची बायको.

मियाताकेसान उशीर का होतोय म्हणून रागावायला आले होते. त्यांनी कुंभार पाहिला आणि खुर्ची ओढून बसले.

"प्रत्येकाचं दुसरं पाऊल वेगळं काढायचं," ते म्हणाले. "उलटं करणं बंद. जागा कुठून आणशील?"

जागा एकाच ठिकाणी होती. दोन बेटांमधला समुद्रप्रवास, त्यातलं वादळ. वर्षानुवर्षं राबून मी ते बसवलं होतं, आणि ऑफिसात आलेल्या प्रत्येकाला मियाताकेसान आधी तेच दाखवत.

"वादळ काढतो," मी म्हटलं.

"जीव जाईल तुझा."

"माझा नाही जाणार."

मी वादळ काढलं. चित्र उलटं करणाऱ्या ओळी काढल्या, एकही ठेवली नाही. मानाबेने ठिपका ठिपका करून सगळ्या गावाचं दुसरं पाऊल काढलं. सुरुवात तादासानपासून केली. आता त्या खेळात काही उलटं होणं शक्यच नव्हतं.

मग कुंभाराला चालवलं. आला, थांबला. डावा पदर वर.

मानाबेने कपाळ टेबलाला टेकवलं आणि तो हसत राहिला की रडत, कळेना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. इतका आनंद मला त्या खेळाने पुन्हा दिला नाही. खेळ बाजारात आला, फारसा चालला नाही. एका मासिकाने लिहिलं की, गावं जिवंत आहेत, पण समुद्र नुसता नावापुरता. मला वाईट वाटलं, पण मानाबे माझ्यासमोर बसून सुर्र सुर्र उदोन ओढत होता. सौदा वाईट नव्हता.

त्या उन्हाळ्यात ओबोनचा, पितरांच्या सणाचा, नाच बघायला मी बंदरावर गेलो. अजून उजेड होता. साएकोसान माझ्या शेजारी पंख्याने वारा घेत उभ्या होत्या. रिंगणात मानाबे निळ्या युकातात, पातळ उन्हाळी किमोनोत, नाचत होता, नेहमीसारखा ताल चुकवत. वळून तो आमच्या दिशेने यायला लागला.

डावा पाय. डावा पदर वर.

उजवा पाय. उजवा पदर वर.

मी डोळे चोळले. डावा पाय, नीट. उजवा पाय, उलटा. निळ्या कापडाची कड गळ्यापाशी पावलागणिक बाजू बदलत होती. आजूबाजूला कुणाचंच लक्ष नव्हतं.

"साएकोसान," माझा आवाज मलाच ओळखू येईना. "त्याने युकाता कसा नेसलाय?"

"मीच नेसवलाय. तो वेंधळा आहे हो, नाचताना सुटतो त्याचा. म्हणून डावा पदर वर घेऊन टाकाच घालून दिलाय, लाल दोऱ्याचा."

ढोल थांबला.

मानाबे थांबला. आमच्याकडे बघून त्याने हात वर केला.

साएकोसानचा पंखा हलायचा थांबला.

आम्ही दोघं त्याच्यापर्यंत गेलो. लाल टाका होता. दोरा कुठेही तुटलेला नव्हता. वर आलेल्या उजव्या पदरावर तो घट्ट बसलेला होता.